गॅसकिट आणि गुलाल

अनंत चतुर्दशीला चार दिवस उरले होते. शेजारच्या चाळीतल्या मंडळाचा एक पोरगा हातगाडीवर जनरेटर घालून आला आणि उतरवायच्या आधीच म्हणाला, "काका, हेडचं पॅकिंग उडालंय, बदलून टाका." म्हणजे निदान तयार, मी फक्त पाने चालवायचे. लालबागला हे नवीन नाही. इथे घरटी एखादा गिरणीत फिटर होऊन गेलेला, त्यामुळे यंत्रावर मत द्यायला कोणी कचरत नाही.

पोराची बाजू अगदीच लंगडी नव्हती. इंजिन सुरू व्हायचं, दोन हॅलोजन ओढायचं, तिसरा लावला की दम टाकायचं. ऑइल खात होतं. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यापाशी काळा ओघळ होता. दुसऱ्या कोणी तेवढ्यावर हेड खोललं असतं.

मी खोलत नाही. ही सवय वडिलांची. ते गिरणीच्या मेकॅनिक खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुन्हा आत जाणं झालं नाही, मग चाळीखालच्या या गाळ्यात पंप आणि इंजिनं दुरुस्त करायला बसले. वाफेच्या पाइपाचं पॅकिंग ते शीट फ्लँजवर धरून हातोडीनं कडेकडेनं ठोकत कापायचे, कात्री नाही की पेन्सिल नाही. हेडच्या पॅकिंगला मात्र तो हात चालत नाही. त्याच्या भोकाला पत्र्याची कडी असते, ते विकतच आणावं लागतं. त्यांचं म्हणणं असं, की हेड उचललं की जुनं पॅकिंग अर्धं वर, अर्धं खाली चिकटून फाटतं. मग ते आधीच फुटलेलं होतं की आपण फाडलं, हे कोण सांगणार? जे विचारायचं ते इंजिन बंदिस्त आहे तोवर विचारून घ्यावं.

दोरी ओढून कम्प्रेशन बघावं, तर या इंजिनांच्या कॅमला सुरू करताना दाब सोडणारी योजना असते. हाताला हलकं लागलं म्हणून रडायचं कारण नाही. म्हणून आधी साबणाचं पाणी. सांध्याला आणि प्लगच्या बुडाशी ब्रशनं फेस लावला आणि पोराला दोरी ओढायला सांगितली. बुडबुडा आला तो प्लगच्या बुडातून! प्लग बोटानं फिरेल इतका ढिला होता. काळा ओघळ त्याचाच, पंख्याच्या वाऱ्यानं सांध्यापर्यंत पसरलेला. पोराचा मुख्य साक्षीदार तिथेच फुटला.

पण प्लग आवळूनही लोड काही घेईना. आता हवा पाहिजे होती. मूर्तिकारांच्या कार्यशाळेत नवरात्रीच्या देवींचं रंगकाम चालू होतं. तिथला स्प्रेचा कॉम्प्रेसर अर्ध्या तासासाठी मागून आणला. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात निपल बसवलेलं आहे माझ्याकडे, ते प्लगच्या जागी लावलं. टॅपेटचं झाकण काढलं, पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणला. दोन्ही टॅपेट ढिले लागले पाहिजेत, नाहीतर उघड्या व्हॉल्वमधून हवा जाते आणि आपण नको त्याला दोष देतो. फ्लायव्हील पान्यानं अडवलं. हवेनं पिस्टन ढकलला की ते गरकन फिरतं, एकदा अंगठ्यावर घेतलंय. मग दोन किलो दाब सोडला.

कार्बोरेटरला कान लावला, शांत. सायलेन्सर शांत. सांध्याला पुन्हा फेस, एक बुडबुडा नाही. डिपस्टिकच्या भोकातून मात्र फुस्स आवाज. इथे बहुतेक जण म्हणतात, रिंगा गेल्या. पण या इंजिनात सिलिंडरच्या बाजूलाच पुशरॉडचा बोगदा असतो आणि तो खाली ऑइलच्या खोलीत उघडतो. पॅकिंग त्या बाजूला फुटलं तर बाहेर काहीच दिसत नाही, हवा खाली उतरते आणि आळ रिंगांवर येतो. चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून आत टाकलं, दोरी फिरवून ते पसरवलं आणि पुन्हा हवा सोडली. आवाज जराही कमी झाला नाही, म्हणजे दोष रिंगांचा नसावा. सिलिंडर कलता असेल तर ही चाचणी पुरी भरवशाची नसते, म्हणून वर्तमानपत्राची पट्टी आधी डिपस्टिकच्या भोकाशी धरली, ती जेमतेम हलली. पुशरॉडच्या बोगद्याशी धरली तर फडफडली.

म्हणजे पॅकिंगच उडालेलं होतं. पोरगं खूश. मी म्हटलं, तुझं उत्तर बरोबर, गणित चूक.

आता खोलायला हरकत नव्हती. पंख्याचं झाकण काढलं आणि कारण समोर आलं. फिनांच्या फटींत लालभडक थर, ऑइलमध्ये भिजून विटेसारखा घट्ट झालेला. गेल्या विसर्जनाचा गुलाल! ट्रकच्या मागच्या टोकाला, नाचणाऱ्यांच्या गर्दीत जनरेटर बांधला होता. पंख्यानं रात्रभर हवेबरोबर गुलालही ओढला. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा वाराच बंद. हेडवर पट्टी आडवी ठेवून फीलर गेज घातलं, ०.१५ मिलिमीटरची पाती आत गेली. अशा इंजिनाला चालतं ते ०.१० पर्यंत. नुसतं पॅकिंग बदलून दिलं असतं तर ते मिरवणूक चिंचपोकळीचा पूल ओलांडायच्या आत पुन्हा उडालं असतं.

जाड काचेवर एमरी पेपर पसरून हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं घासलं, तास गेला. पॅकिंग नागदेवी स्ट्रीटवरून पोरानंच आणलं. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळले. अंदाजानं आवळणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.

या वर्षी तुमच्या मंडळाचा जनरेटर ट्रकवर चढवाल तेव्हा तो केबिनच्या मागे बांधा, गुलालापासून लांब. आणि गिरगावहून परत आल्यावर, झोपून उठलात की, पंख्याचं झाकण काढून फिनांवर कोरडा ब्रश फिरवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.