तट पाडले, मैदानं राखली

इरॉस सिनेमाच्या बाजूनं ओव्हल मैदानात शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते. मधल्या पायवाटेवरून काळे कोट हायकोर्टाकडं लगबगीनं निघाले होते. वाटेच्या दोन्ही अंगांना क्रिकेट रंगलं होतं, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर. समोर गॉथिक इमारतींची रांग: जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षांत सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. आज या रांगेपासून समुद्र दूर गेला आहे. ती बांधली गेली तेव्हा मात्र तिच्यापुढं मैदान होतं, मग रेल्वेचे रूळ आणि लगेच लाटा. पश्चिमेचा वारा थेट सचिवालयाच्या व्हरांड्यात शिरायचा.

हे मैदान कुणी हौसेनं आखलेलं नाही. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या तटावरून तोफांचा मारा करायला समोर आडोसा नको, म्हणून बाहेरची जमीन मोकळी ठेवली होती. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' 1863 साली प्रसिद्ध झालं, त्या सुमारासच तटाचे दिवस भरत आले होते. शत्रूचं भय उरलं नव्हतं आणि आत माणसं दाटीवाटीनं राहत होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडायला घेतले. चर्चगेट आणि बझारगेट हे दरवाजे गेले, नावं तेवढी राहिली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळं तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहराच्या हातात एकाच वेळी जमीनही आली आणि पैसाही.

अशा वेळी सगळी मोकळी जागा विकून टाकणं सहज शक्य होतं. तसं झालं नाही. जुन्या तटाच्या पट्ट्यात सरकारी आणि सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या, आणि ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं त्यांच्यासमोर मोकळी राहिली. माझ्या मते मुंबईच्या नगररचनेतला सगळ्यांत मोठा निर्णय हाच. राजाबाई टॉवर पुरता बघायचा तर मागं सरकायला जागा लागते. ती इथं आहे.

टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आईचं नाव दिलं. 1865 मध्ये कापसाचा बाजार कोसळला, त्यात प्रेमचंदही होरपळले. पण टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. नजर वर नेली की उंचावरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे पुतळे दिसतात, प्रत्येकाचा पेहराव निराळा. आराखडा इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा, ते इथं कधी आलेच नाहीत. पुतळे घडवले मुकुंद रामचंद्र या इथल्या इंजिनिअरनं. हे नाव मुंबईकरांना पाठ असायला हवं. शेजारच्या हायकोर्टाचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे: मंजूर खर्च 16,47,196 रुपये, प्रत्यक्ष खर्च 16,44,528. सात वर्षांचं काम अंदाजाच्या आत बसवलं.

हुतात्मा चौकातून दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलो आणि परतीच्या पावसानं गाठलं. छत्री नव्हती, पण गरजही पडली नाही. रस्त्याच्या कडेनं इमारतींच्या पोटातून कमानींचा रस्ताच गेलेला आहे. 1896 च्या नियमानं इथं बांधणाऱ्याला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानीखालची वाट सोडणं बंधनकारक होतं. वरचे मजले कुणी कसेही बांधावेत; कुणी गॉथिक बांधले, कुणी नवअभिजात. खाली मात्र चालणाऱ्याचा हक्क सलग. पावसात ऑफिसला निघालेली माणसं, पुस्तकं नि मोबाइलची कव्हरं मांडून बसलेले विक्रेते, कटिंग पिणारे, सगळे त्या एका नियमाच्या छपराखाली उभे होते. खांबाच्या काळ्या दगडावर हात ठेवला तर तो गार लागला. एवढ्या वर्षांत लाखो खांदे घासून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

रस्ता संपतो तिथं एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या दोन इमारती समोरासमोर येतात: 1888 मध्ये पूर्ण झालेलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि 1893 ची महापालिका. पालिकेचा भूखंड दोन रस्त्यांच्या बेचक्यात, पाचरीसारखा. स्टीव्हन्स यांनी ती अडचण शोभेत बदलली. टोकावरच मुख्य दर्शनी भाग आणि त्यावर उंच मनोरा ठेवला, त्यामुळं इमारत चौकाला सामोरी उभी राहते. पुढं फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. नगरपालिकेत लोकांनी निवडलेल्यांचा शब्द चालावा म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं, तेव्हा जागा योग्यच.

पण या चौकात थांबून बघायचं म्हटलं तर गाड्यांच्या लोंढ्यातून उसंत मिळत नाही. पायी माणसाला जमिनीखालच्या सबवेत उतरवलं जातं. तिथून वर आलं की समोर फक्त जिना आणि फेरीवाले. पलीकडच्या सेल्फी पॉइंटवर थोडी उभं राहायची सोय केली आहे, तिथं कायम गर्दी असते. ती गर्दी बघूनच कळतं की लोकांना या इमारती बघायच्या आहेत. 1896 मध्ये खाजगी मालकाच्या तळमजल्यातून पादचाऱ्याला वाट काढून देणाऱ्या शहरानं आपल्याच मुख्यालयासमोर तेवढी जमीन त्याला द्यावी, अशी माझी पालिकेकडं मागणी आहे.