अडीच फुटांचे जग

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पोस्टाची तिकिटे येतात, जुनी नाणी येतात. मुलीचा छंद असेल तर तो रांगोळीचा किंवा भरतकामाचा असावा, असा एक अलिखित नियमच आहे. म्हणून ‘माझा छंद रेल्वे’ असे मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, “म्हणजे तुला प्रवास आवडतो?” प्रवास आवडतोच. पण माझे मन गाडीत रमते त्यापेक्षा गाडीखाली अधिक रमते. ते रूळ, ते स्लीपर, ते सांधे कोणी राखले आणि ते उखडले गेल्यावर त्यांच्याबरोबर काय काय जाते, हा माझ्या छंदाचा खरा विषय आहे.

भद्रावतीत राहणाऱ्याला हे वेड लागायला वेळ लागत नाही. आपल्या गावाचे नाव भद्रावती. स्टेशन मात्र अजूनही भांदक! गावाने टाकलेले नाव रेल्वेने सांभाळून ठेवले आहे. वर्ध्याहून हिंगणघाट-वरोऱ्याकडे रूळ आले ते १८७० च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशासाठी. पुढे १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला आणि आपल्या दारावरून जाणारी ही वाट दिल्ली-मद्रास हमरस्ता झाली. आज या साडेपाच फुटी रुळांवरून लांबच लांब गाड्या धडधडत जातात. त्यांतल्या पुष्कळशा भांदकला थांबतही नाहीत.

पण माझे प्रेम या ऐटबाज गाड्यांवर नाही. मी मूळची नागभीडची. आमच्याकडची गाडी अडीच फुटी रुळांवरची. नागभीडहून भिवापूर, उमरेड करीत ती नागपूरच्या इतवारीला जायची. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला येणारी तिची बहीण १९९० च्या दशकातच ‘मोठी’ झाली. नागपूरची वाट मात्र तशीच चिमुकली राहिली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. शेवटच्या दिवसांत लोक मुद्दाम तिच्यात बसायला येत. ज्यांनी आयुष्यभर तिच्या संथपणाला नावे ठेवली, तेच खिडकीशी बसून डोळे पुसत होते. माणसाचे असेच असते!

या मार्गावर माझ्या आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, उभा जन्म काढला. १९६४ साली ते तेव्हाच्या दक्षिण-पूर्व रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि पुढे चावीवाला झाले. चावीवाला म्हणजे नेमून दिलेला रुळांचा टापू रोज पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी. रुळाला स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे. आबाजी डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबत.

“रूळ बोलते, माय,” ते मला म्हणाले होते. “चावी टाइट असन त टन् म्हणते. ढिली असन त बद्द वाजते. साहेब लोकं कागद पाहत, आमी आयकत होतो.”

उन्हाळ्यात त्यांचे काम वाढे. आपल्या जिल्ह्याचे ऊन काय आहे ते मी कोणाला सांगावे? पोलाद तापले की वाढते. बारा मीटर लांबीच्या रुळाला चाळीस अंशांचा फरक पडला तर तो सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबतो. म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवावी लागते. ती फट बुजली तर रूळ वाकून बाहेर फेकला जाईल. हा हिशोब मी पुस्तकात वाचला. आबाजी चौथीपर्यंत शिकलेले, पण फटीत नुसते बोट लावून ते दुपारी काय होणार हे सांगत.

आता आबाजींनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना ऐकू येणे कमी झाले आहे. ज्या कानांनी शेकडो मैलांचा मार्ग तपासला, त्यांच्याजवळ आता आम्हाला मोठ्याने बोलावे लागते. हे पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. गाडी गेली, रूळ गेले. आता हा माणूस ज्या गोष्टी जाणतो त्याही अशाच हळूहळू निघून जाणार. त्यांना विचारून घ्यावे तर ते हसत. “काहून वं, तुले काय करा लागते रुळाचं?”

तेव्हा मी एक युक्ती केली. आमच्या गाडीची छोटी प्रतिकृती करायला घेतली. मूळ रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे तीस इंच. तीसपट लहान केले की बरोबर एक इंच! पाच फुटी स्लीपर दोन इंचांचा झाला. आपल्याकडे बांबूला काय तोटा? त्याच्या चिपा स्लीपर झाल्या, सायकलचे जुने स्पोक रूळ झाले, चाळलेली रेती गिट्टी झाली. काम सुरू होताच आबाजी खाटेवरून उठून माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी एक इंचाची पट्टी कापून घेतली आणि बोटाबोटावर ठेवून अंतर तपासू लागले. वळण आले तसे म्हणाले, “बाहेरचा रूळ जरासा उचल. नाई त गाडी भाईर फेकते.” स्टेशनात हातपंप कुठे होता, मिरचीची पोती कुठे रचत, बांबूचे भारे कुठे पडत, हे सगळे एका पुठ्ठ्यावर उमटू लागले. प्रश्न विचारून जे मिळाले नाही, ते हाताला काम दिल्यावर आपोआप बाहेर आले.

याच सुमारास आयर्लंडच्या रेल्वेबद्दल मी वाचले आणि मला सोबत मिळाल्यासारखे झाले. त्या देशातही खेड्यापाड्यांतून तीन फुटी रुळांच्या लहान गाड्या धावत असत. मोटारी आल्या तशा त्या एकेक करून बंद पडल्या. वेस्ट क्लेअर नावाची शेवटची गाडी १९६१ मध्ये थांबली. मुख्य मार्गावरची वाफेची इंजिनेही भंगारात निघाली. तेव्हा काही वेड्या माणसांनी १९६४ मध्ये रेल्वे जतन करणारी एक संस्था काढली. हो, आबाजी नोकरीला लागले तेच साल! बेलफास्टजवळच्या व्हाइटहेड या गावी या संस्थेचा कारखाना आहे. १८७९ साली मँचेस्टरला बनलेले १८६ क्रमांकाचे इंजिन तिने भंगारातून वाचवले आणि पुन्हा रुळांवर धाववले. हे काम करणारे बहुतेक बिनपगारी. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी तेलकट कपडे चढवून बॉयलरखाली शिरायचे! त्याच देशातल्या सिरिल फ्राय या रेल्वे अभियंत्याने घरी बसून आयरिश गाड्यांच्या प्रतिकृती घडवल्या. डब्लिनजवळ मालाहाइडला त्या आज लोक पाहतात.

आपल्याकडे असे काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. पुण्याला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये लहान रेल्वेंचे संग्रहालय उघडले. एका माणसाचा छंद केवढा होऊ शकतो हे तिथे दिसते. शेजारच्या यवतमाळची ‘शकुंतला’ तर सर्वांना ठाऊक आहे. किलिक-निक्सन कंपनीने उभारलेल्या या मार्गावर १९२१ सालचे इंजिन, तेही मँचेस्टरचेच, १९९४ पर्यंत धावले. गाडी बंद पडल्यावर ती परत यावी म्हणून लोकांनी आंदोलनेही केली.

मात्र एक फरक मला जाणवतो. आपण वस्तू ठेवतो, किंवा मागणी करतो. आयर्लंडच्या त्या लोकांनी वस्तूबरोबर हातांतली विद्याही वाचवली. इंजिन चालते ठेवायचे तर कोळसा कसा टाकावा, वाफ कशी राखावी, हे जुन्या ड्रायव्हरकडून कोणीतरी शिकावेच लागते. संग्रहालयातल्या काचेआड चावीवाल्याचा हातोडा ठेवता येतो. पण रुळावर तो मारल्यावर काय ऐकायचे, हे काचेआड ठेवता येत नाही.

कोणी म्हणेल, मग काय गाडी छोटीच राहू द्यायची होती? मुळीच नाही. नागपूरच्या दवाखान्यात रोगी न्यायला तासन् तास लागत, हे आम्ही भोगले आहे. खुद्द आबाजींचे मत स्पष्ट आहे. “लोकाईले मोठी गाडी पायजेच होती. पोराचा पाय वाढला त जुनी चप्पल कायले घालता? पन आमी काय करत होतो, हे कोनी इचारलं नाई बाप्पा.”

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींच्या घरी असे किती आजोबा असतील! कोणी माजरीच्या यार्डात शंटिंग केले असेल, कोणी वरोऱ्याला सिग्नलचे दिवे लावले असतील, कोणी बल्लारशाच्या शेडमध्ये कोळसा फोडला असेल. ब्रॉडगेजवरचे वाफेचे युग डिसेंबर १९९५ मध्ये संपले. त्या इंजिनांवर राबलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. इतिहास विभागाने आणि वाङ्मय मंडळाने मनावर घेतले तर एका उन्हाळी सुट्टीत कितीतरी वह्या भरतील. त्याला पैसा लागत नाही. बाजेच्या कडेला बसायची तयारी आणि थोडा धीर, एवढेच लागते.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. बदल्यांमुळे आबाजींच्या पायाखालून सगळा मार्ग गेलेला आहे. नागभीडपासून एकेक स्टेशन घेत, कुठे चढ, कुठे वळण, कुठल्या पुलावर गाडी सावकाश न्यावी लागे, ते सांगतात आणि मी लिहून घेते. कधी ते मध्येच थकून डोळे मिटतात, तेव्हा मीही पेन खाली ठेवते. दर सुट्टीला दोन-तीन स्टेशने होतात. वही सध्या भिवापूरपर्यंत आली आहे. उमरेड यायचे आहे, आणि इतवारी तर अजून बरीच दूर आहे.