लहान शब्दांचा भार

इंग्रजी व्याकरणांत आम्हां मराठी मुलांस अडविणारे शब्द बहुधा लांबलचक नसतात. 'इन', 'ऑन', 'टु', 'विदिन' हे इवलेसे शब्दच आमची वाट रोखतात. ह्याचें कारण आमच्या मायबोलींत आहे. मराठींत शब्दयोगी अव्यय नामास मागून जोडून येतें: 'टेबलावर', 'घरापुढें'. इंग्रजींत तें नामाच्या आधीं उभें राहतें: 'ऑन द टेबल'. हें अव्यय व त्याचें कर्म मिळून जो पदसमूह होतो, तो ओळखण्यास एक प्रश्न पुरे: कशावर, कशांत, कोठें? उत्तरादाखल नाम मिळालें, कीं समूह पुरा झाला. 'ही केम इन' येथें तसें नाम नाहीं. म्हणून 'इन' हें केवळ क्रियाविशेषण. 'टु स्कूल' हा असा समूह होय, पण 'टु गो' नव्हे. कारण 'गो' हें क्रियापद.

समूह बाजूस काढला, कीं वाक्याचा कर्ताही सांपडतो. 'द बास्केट ऑफ मँगोज इज हेवी' येथें आंबे पुष्कळ असले, तरी कर्ता टोपली. म्हणून क्रियापद एकवचनी.

हें सारें परीक्षेपुरतें नाहीं. घरीं इंग्रजी नोटीस आली, म्हणजे वडील ती आमच्याच हातीं देतात. 'विदिन टेन डेज' म्हणजे दहा दिवसांच्या आंत. 'आफ्टर टेन डेज' म्हणजे दहा दिवसांनंतर. एका शब्दाची गफलत झाली, तर मुदत टळून जाईल व भुर्दंड साऱ्या घरास पडेल. तेव्हां, बंधुभगिनींनो, ह्या लहानग्या शब्दांस तुच्छ लेखूं नका.