वहिवाट

दर गुरुवारी संध्याकाळी, कचेरी आणि दुकान यांतून ज्याला जसे सुटता येईल तसे सुटून, आम्ही सात मित्र येवलेवाडीच्या पुढे बोपदेव घाटाच्या पायथ्याशी सायकली घेऊन जमतो, आणि शेवटचा गडी पोहोचेपर्यंत पुढच्याने पायडलवर पाय ठेवायचा नाही, हा आमचा गेल्या अकरा वर्षांचा शिरस्ता आहे. घाटाचा रस्ता डांबरी, वर्दळीचा, धुराचा. माथा गाठण्यापुरता तो आम्ही सोसतो. माथ्यावर आले की हवेत गारवा जाणवतो, दक्षिणेला पुरंदर आणि त्याला बिलगलेला वज्रगड दिसू लागतो, पश्चिमेला सिंहगडाच्या अंगाला सूर्य कललेला असतो, आणि भिवरीच्या बाजूला एका बाभळीपाशी डांबर सोडून आम्ही चाके मातीत घालतो. आमची संध्याकाळ माझ्या लेखी तेथून सुरू होते.

या सायकलींना माउंटन बाइक म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मॅरिन परगण्यातल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात, काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली वणवा विझवण्यासाठी राखलेल्या कच्च्या रस्त्यांवरून उतारावर सोडू लागले. त्यांतली एक उतरण इतकी तीव्र होती, की मागच्या हबमधले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या उतरणीचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्या खटाटोपातून पुढे हे वाहन घडले. नव्या वाहनाला सहसा नवा रस्ता हवा असतो. याला मात्र लोकांनी टाकून दिलेली वाट पुरली, आणि म्हणूनच ते मला प्रिय आहे.

आमची वाटही अशीच टाकलेली आहे. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेने पिढ्यान्‌पिढ्या घासून दोन समांतर चाकोऱ्या पडल्या आहेत, त्यांच्यामध्ये कुसळी गवताचा उंचवटा, कडेने हिवर, बोर आणि घाणेरी. मुरूम जेथे निघून गेला आहे तेथे काळ्या खडकाची पाठ उघडी पडली असून तिच्यावर धावेची खोबण बोटाने चाचपता येते. मी एकदा खाली बसून ती चाचपली आहे. तर्जनीची दोन पेरे आत गेली. ज्या गाड्यांनी ती कोरली त्या आता या पठारावर क्वचितच दिसतात. पण टायरमधली हवा थोडी कमी करून चाक त्या खोबणीत घातले, की हँडल सोडून दिल्यासारखे सैल धरावे लागते आणि जुनी वाट सायकलीला आपणहून वळवून नेते.

आमच्यातले आबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. या वाटा मुळात त्यांनीच आम्हाला दाखवल्या, आणि त्याही प्रथम कागदावर. गावच्या नकाशात एक तुटक रेषा दिसली की ती पायवाट, तिची रुंदी सव्वाआठ फूट. दोन तुटक रेषा असल्या की तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. हे आकडे आम्हाला विचित्र वाटत असत, तेव्हा आबांनी सांगितले, की जुन्या मोजणीची शंकू साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तिचे आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट आणि चार आणे म्हणजे सव्वाआठ. त्याच साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. ज्या मापाने माणसाची मालकी मोजली, त्याच मापाने त्याच्या शेजाऱ्याची जाण्यायेण्याची सोयही मोजून ठेवली होती, हे समजले त्या दिवसापासून महसुली दप्तरांविषयी मला निराळाच आदर वाटू लागला.

गेल्या कार्तिकात ओढ्यापलीकडच्या वळणावर आबा उतरले, आपली सायकल त्यांनी वाटेत आडवी ठेवली, आणि पुढचे चाक एका शेताच्या नांगरटीला, तर मागचे पलीकडच्या बांधाला टेकले. सायकलीची लांबी जेमतेम सहा फूट. साडेसोळा फुटांतून उरलेले ते सहा फूट पाहून आबा काही वेळ बोलले नाहीत. दरवर्षी एकेक तास पुढे सरकत नांगराने वाट खाल्ली होती. पण वाटण्यांमागून वाटण्या होऊन ज्याच्या वाट्याला वीस गुंठे आले, त्याला त्या एका तासाचा मोह पडला तर त्याला दोष देण्यास माझे मन धजत नाही. कायद्यात दाद आहे. मामलेदार न्यायालयाच्या १९०६च्या अधिनियमाखाली वहिवाटीच्या रस्त्याची अडवणूक दूर करून मिळते, मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज करणार तो ज्याला त्या वाटेने जायचे आहे तो. आणि जाणारेच उरले नाहीत, तर तक्रार कोणी आणि कशासाठी करायची? शेजारच्या वावरात खुरपत असलेल्या एका आजीबाई आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “आता ह्या वाटंनं तुमीच तेवढं येता बघा. आन्‌ माझ्या शेरडांमागनं मी.”

परतताना त्या रात्री माझ्या चाकात बाभळीचा काटा गेला. दिवा धरायला एक, चाक काढायला एक, ट्यूबवर ठिगळ दाबून धरायला एक, असे सगळेच माझ्याभोवती बसले. कोणी घड्याळ पाहिले नाही. दूर कोठेतरी लाकडावर टिचक्या माराव्यात तसा रातवा बोलत होता. थोडे पुढे गेल्यावर तो, किंवा त्याचा कोणी भाऊबंद, वाटेच्या मध्यावर मातीशी मातीसारखा होऊन बसलेला दिसला, दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकले, आणि तो उडेपर्यंत आम्ही सातही जण एका रांगेत उभे राहिलो.

पुढच्या गुरुवारी त्या वळणावर आलो तेव्हा वाटेवर नांगर आणखी फूटभर चढला होता. ओलसर ढेकळांतून सायकली खांद्यावर न घेता, आबांच्या सांगण्यावरून, आम्ही एकामागोमाग एक त्या ढकलत नेल्या. त्याच्या पुढल्या आठवड्यात माती वाळली होती, आमच्या चाकांच्या रेघा जशाच्या तशा टिकल्या होत्या, आणि त्या रेघांवरून शेळ्यांचे खूर आणि अनवाणी पावलांची एक जोडी पलीकडे गेलेली होती.