सरदाराचा एरंट, नवऱ्याचा एरंट

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘एरंट’ समोर आला की मी आधी तो नामाच्या पुढे बसलाय की मागे, हे पाहतो. ‘नाइट-एरंट’मध्ये तो फ्रेंच रिवाजानं नामामागून येतो आणि तिथे त्यात काडीचाही दोष नसतो. पराक्रमाची संधी शोधत रानोमाळ हिंडणारा हा स्वार. तोच शब्द पुढे सरकून ‘एरंट हजबंड’ झाला, की नवरा बाहेरख्याली ठरतो.

याचं मूळ कुळात आहे. लॅटिनमध्ये ‘इटर’ म्हणजे प्रवास आणि ‘एरारे’ म्हणजे भरकटणं, चुकणं. दोन्हीकडून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एरेर’ हेच क्रियापद आलं आणि दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली. स्वार पहिल्या घराण्यातला. नवरा दुसऱ्या, ‘एरर’च्या घराण्यातला. आपल्याला याचं नवल वाटायला नको. ‘भ्रम्’ या एकाच धातूनं आपल्याला भ्रमण दिलं आणि भ्रमही दिला.

सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’त (१६०५ आणि १६१५) नायकाचं बिरुद स्पॅनिशमध्ये ‘आंदांते’ आहे, म्हणजे नुसतं चालणारा. इंग्रजीत त्याचा ‘एरंट’ झाला आणि चुकण्याची छटा फुकटात मिळाली. डोकं फिरलेल्या त्या नायकाला ती शोभते. मराठीत इथे ‘शिलेदार’ वापरायचा मोह होतो, कारण घोडा त्याचा स्वतःचा. पण शिलेदार कुणाच्या तरी चाकरीत असतो. किहोतेला ना धनी, ना पगार. मी ‘फिरस्ता वीर’ घेईन. ‘भटका’ तर नकोच. त्या शब्दावर आपल्याकडे जातीचं आणि पोलिसी संशयाचं फार ओझं आहे.

या शब्दाचा एक भाऊ वाया गेला, तो ‘ॲरंट’. चॉसरच्या काळी चोराला ‘एरंट’ म्हणत, ते गावोगाव फिरून लुटतो म्हणून. पुढे उच्चार बदलला, फिरणं गळून पडलं, आणि उरला तो नुसता शिवीला धार लावणारा शब्द. शेक्सपिअरकडे तो असाच येतो. मराठीत त्याला ‘अट्टल’ चपखल बसतो. निरोपाच्या खेपेचा ‘एरंड’ मात्र यांच्या भावकीतला नाही. तो अस्सल जुन्या इंग्रजीतला.

क्रिकेटच्या बातमीतला ‘एरंट थ्रो’ म्हणजे भलतीकडे गेलेली फेक. कळप सोडून गेलेलं वासरू चुकार. मुलगा असेल तर वाक्य बापाच्या तोंडी आहे की मित्राच्या, हे बघावं लागतं: बापाला तो वाया गेलेला दिसतो, मित्राला मनस्वी. प्राणिशास्त्रात समुद्री वलयी कृमींच्या एका गटाला ‘एरँशिया’ म्हणतात; नळीत घर करून बसणाऱ्यांपेक्षा हे वेगळे, मोकळे सरपटणारे. तिथे खुशाल ‘भ्रमणशील’ लिहावं. कृमींची घरी कुणी वाट बघत नसतं.