ढोलाच्या आतला हिशेब

आमच्या घराण्याचा पेशा कोणी विचारला, की अब्बा "दुकान होतं" एवढंच सांगत. दुकान होतं हे खरं, पण ते बँडचं होतं हे सांगायचं ते टाळत. माझे दादाजान बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. लगीनसराईत एस.टी.च्या टपावर ढोल बांधून पारनेर, राहुरी, शेवगाव, पाथर्डी असा सारा जिल्हा त्यांनी पालथा घातला. नवरदेवाच्या घोड्यापुढे तासन् तास वाजवायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर शेवटी जेवायला बसायचं, हा त्यांचा रिवाज. फुफूच्या सोयरिकीच्या वेळी कोणीतरी "बँडवाल्यांचं घर" म्हणून नाक मुरडलं होतं. तेव्हापासून अब्बांनी घरात हा विषयच बंद केला.

गेल्या वर्षी नगरचं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. माळा रिकामा करताना पोत्यात गुंडाळलेला तो ढोल खाली आला. व्यास 28 इंच, वर तांबडा ऑइलपेंट आणि त्यावर पिवळ्या मराठी अक्षरांत बँडचं नाव. एका बाजूचं पान फाटलेलं, दोरी हात लावला तरी तुटत होती.

भाईजानचं म्हणणं, हा इंग्रजांच्या पलटणीचा ढोल. नगर हे जुनं लष्करी ठाणं. 1803 साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे भिंगारला छावणी झाली. साहेब लोक जाताना दादाजानना ढोल देऊन गेले, अशी गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगितली जायची. पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन ढोल बघून गेला. पलटणीचा ठरला तर चांगली रक्कम देईन, नाही तर बँडच्या ढोलाला कोण विचारतो, असं तो म्हणाला. घराच्या बांधकामाला पैसा हवाच होता. तेव्हा आधी ढोल ओळखायचा, मग विकायचं की नाही ते ठरवायचं, असं मी सुचवलं. मी शाळेत शिकवते, दिवाळीची सुट्टी हाताशी होती.

जुना ढोल ओळखताना पहिला नियम असा, की काहीही घासायचं नाही. घासलं की पुरावाच जातो. इंग्रजी पलटणींच्या ढोलावर राजचिन्ह, पलटणीचं बोधचिन्ह आणि जिंकलेल्या लढायांची नावं रंगवलेली असत. वर दुसरा रंग दिला तरी खालच्या अक्षरांचा उंचवटा राहतो. रात्री दिवे घालवून मी टॉर्च ढोलाला अगदी आडवा धरला आणि सगळीकडून फिरवला. पिवळ्या अक्षरांखाली दुसरं एकही अक्षर उमटलं नाही. कडेला रंगाचा एक पोपडा निघाला होता, तिथे तांबड्याखाली हिरवा थर आणि त्याखाली नुसतं पॉलिश दिसलं.

आवळणी दोरीची होती. लाकडी कड्यांमधून नागमोडी ओवलेली दोरी आणि तिच्यावर खालीवर सरकणारे चामड्याचे कान. ते सरकवले की पान ताणलं जातं. पण लष्करी बँडात दोरीचे ढोल आजही वापरतात, त्यामुळे नुसत्या दोरीवरून वय ठरत नाही. नगरमध्ये मुक्तिफौजेचंही जुनं काम आहे, आपण ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो ते त्यांचंच. रस्त्यावर बँड वाजवून प्रचार करण्याची त्यांची रीत, म्हणून तीही शक्यता होती. पण त्यांचीही काही खूण सापडेना.

ओळखीच्या सुतारचाचांनी कडेचं लाकूड बघितलं आणि म्हणाले, "बेटी, हे विलायती नाही. हे उत्तरेकडचं शिसम आहे." फाटकं पान उतरवल्यावर आत एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. बहुतेक भाग कसरीने खाल्लेला, पण इंग्रजीत छापलेले दोन शब्द शाबूत होते : मेरठ सिटी.

भाईजानचा चेहरा उतरला. मला मात्र आनंद झाला. मेरठच्या जाली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या बँडची वाद्यं घडवली जातात आणि देशभरातल्या वरातींत वाजतात. तिथली नादिर अली अँड कंपनी ही नामांकित पेढी 1885 सालची. नादिर अली हे फौजेच्या बँडमधले. साहेबांसाठी वाजवता वाजवता आपल्या माणसांनी ती वाद्यं घडवायची विद्याही हाती घेतली. साहेबाने दिलेल्या भेटीपेक्षा मला हे मोठं वाटलं.

आणि हा ढोल मुळात साहेबाचा तरी कुठे? युरोपच्या फौजांनी तो अठराव्या शतकात उस्मानी तुर्कांच्या मेहतर बँडकडून उचलला. तुर्कांचा दावुल दोन काठ्यांनी वाजतो, एका हातात जाड, दुसऱ्या हातात बारीक. युरोपात कितीतरी काळ याला 'तुर्की ढोल' असंच म्हणत. व्हिएन्नात 1782 साली मोझार्टने तुर्कस्तानात घडणारी एक संगीतिका रंगमंचावर आणली, तेव्हा त्या वातावरणासाठी हाच ढोल वाद्यवृंदात घेतला. इस्तंबूलहून युरोप, तिथून फौजेबरोबर हिंदुस्थान, मेरठहून नगर आणि शेवटी शेवगावच्या वरातीत.

पण खरी गोष्ट चिठ्ठीच्या शेजारी होती. खोडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळीच्या ओळी लिहिलेल्या. अक्षर दादाजानचं, मराठी चौथीपर्यंत शिकलेलं. दरवेळी पान बदलताना त्यांनी नोंद केली होती : साल, गाव, खर्च. पहिली नोंद 1949 ची, "ढोल घेतला, निम्मे पैसे उधार." म्हणजे भेट नव्हतीच. घामाच्या पैशाने घेतला होता. पुढे जवळजवळ दरवर्षी एक ओळ. 1971 ची आहे आणि त्यानंतर एकदम 1974.

मी अब्बांना विचारलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बहात्तरचा दुष्काळ. कुणाची लग्नं आणि कसली वरात! दादाजान दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरातली भांडी विकली, अम्मीच्या बांगड्या विकल्या. ढोलाला गिऱ्हाईक आलं होतं, पण ते म्हणाले, इसकू बेचना नै. पाऊस पडेल, लग्नं होतील, तेव्हा हाच रोटी देईल." अब्बांनी त्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. घरात बँडचं नाव त्यांनी स्वतःहून काढलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या रात्री भाईजानने व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. बांधकामाचा एक खोलीचा बेत आम्ही पुढे ढकलला.

दुरुस्ती करताना एकच धोरण ठेवलं. जे टिकलंय ते काढायचं नाही, जे गेलंय तेच नवं घालायचं. तांबडा रंग आणि पिवळी अक्षरं तशीच ठेवली, नुसती किंचित ओल्या फडक्याने पुसली. खोडाचा सांधा उकलला होता. सुतारचाचांनी तो सरसाने जोडला. जुनं काम सरसाचंच होतं आणि पुढे कधी उकलावं लागलं तर सरस कोमट पाण्याने सुटतो. चामड्याचे तीन कान फाटले होते, ते मोच्याकडून त्याच मापाचे करून घेतले. दोरी नवी सुती.

पानाचं काम वाद्यं मढवणाऱ्या कारागिराकडे दिलं. बकऱ्याचं कातडं एवढ्या घेराला पुरणार नाही म्हणून त्यांनी म्हशीच्या पारडाचं घेतलं. साध्या पाण्यात भिजवून मऊ केलं, आतल्या कड्याभोवती गुंडाळलं आणि चमच्याच्या दांड्याने कडा आत खोचल्या. मग ढोलावर बसवून हलकेच आवळलं आणि दोन दिवस सावलीत वाळू दिलं. उन्हात ठेवलं तर कडं वाकडं होतं, पान तडकतं. दुसऱ्या बाजूचं जुनं पान शाबूत होतं, ते तसंच राहू दिलं. त्यावर दादाजानच्या हाताने पडलेला काळपट डाग आहे.

चाचींनी विचारलं, "पण हे दीनदार घरात बरं दिसतं का?" वाद्यांबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, निकाहाच्या दफचा दाखलाही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वादात पडायची माझी योग्यता नाही. मी एवढंच म्हटलं, की चाची, या घरातली तीन मुलं ज्या कमाईवर वाढली, तिचा हा हिशेब आहे. हिशेब जपून ठेवायला काय हरकत आहे? चाची हसल्या आणि ढोलावर टाकायला एक जुनी चादर घेऊन आल्या.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्याही माळ्यावर कुणाचा माग, कुणाची शिलाई मशीन, कुणाचा भाता पडलेला असेल. भंगारात देण्याआधी तो उलटा करून बघा, आत डोकावून बघा. कष्टाने रोजी कमावणाऱ्यांनी आपला इतिहास वहीत लिहिलेला नसतो, तो बहुधा अशाच ठिकाणी असतो.

नवं पान चढवण्याआधी अब्बांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि दादाजानच्या शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : साल, नगर, पान बदललं, आणि पुढे खर्चाचा आकडा.