निसटलेलं वेब्ले

हॉस्टेलवर प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतोच. कुणाला पत्त्यांचा, कुणाला गिटारचा, तर कुणाला केटी जमवण्याचा. माझा नाद ऐकला की मात्र समोरचा दोन पावलं मागे सरकतो. कारण मी जुनी रिव्हॉल्व्हरं जमवतो! घाबरू नका, रेक्टर सरांनीही घाबरू नये. माझा सगळा संग्रह एका दोनशे पानी वहीत आहे. चित्रं, मापं, कारखान्याचं नाव आणि शेवटी ते कुठे गेलं याची नोंद.

वहीतच का? तर आपल्याकडे हा छंद खरोखर करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याने प्रत्येक बंदुकीला परवाना लागतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त तीन ठेवता येत होत्या. 2019 च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या, त्याही वारशाने आलेल्या धरून. तिसरी असेल तर ती वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. कायद्याचं कारण पटतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या 'तिसरी'मध्येच माझी गोष्ट आहे.

आमचं गाव वरसे, रोह्याला लागून. घरी तीन हत्यारं होती. पणजोबांची ठासणीची बंदूक, रानडुकरं भातात शिरतात म्हणून आजोबांनी घेतलेली बाराबोर, आणि तिसरं पणजोबांनीच मुंबईहून परवान्यावर आणलेलं .32 बोअरचं वेब्ले अँड स्कॉट, बर्मिंगहॅमचं. निवडणूक आली की तिन्ही पोलीस ठाण्यात मुक्कामाला. दसऱ्याला तिन्ही पाटावर, झेंडूची फुलं वाहून. आम्हा पोरांना फक्त बघायची परवानगी. हात पुढे गेला की आजीचा फटका.

पण आजोबा पूजेआधी वेब्ले साफ करायचे, तेव्हा मी समोर बसून राहायचो. आधी खटका दाबायचा, मग नळी पुढे वाकायची आणि आतली चांदणीच्या आकाराची चकती वर यायची. गोळ्या असत्या तर सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडल्या असत्या. घोडा ओढला की सिलिंडर साठ अंश फिरून टक्‌कन थांबायचं, नेमकं नळीसमोर. पुढे सेकंड इयरला सरांनी रॅचेट आणि पॉल शिकवलं, तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकट्यालाच तो 'टक्' ऐकू आला असेल! फिरत्या सिलिंडरचं अमेरिकन पेटंट सॅम्युएल कोल्टने 1836 मध्ये घेतलं. त्याचं पहिलं लाकडी मॉडेल त्याने पोरवयात, कलकत्त्याच्या सफरीवर निघालेल्या जहाजावर कोरलं, असं सांगतात. म्हणजे आपला थोडा संबंध आहेच.

2020 साल उजाडलं आणि आजोबांना तिघांतलं एक काढायचं होतं. मला वाटलं, ठासणीची जाणार. ती कुणी वापरत नव्हतं. वेब्लेची किंमत मात्र लाखांत, कारण परदेशी हत्यारांची आयात बंद होऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. आजोबांनी नेमकं उलटं केलं. वेब्ले विक्रेत्याकडे गेलं. मी रुसून बसलो, तेव्हा म्हणाले, "अरे बाळा, त्या साहेबाला गिऱ्हाईक मिळेल, तो कुठेही गेला तरी कुणीतरी तेल-पाणी करील. हिला कोण विचारतोय? ही मालखान्यात गंजणार आणि शेवटी भट्टीत जाणार." बाजारात ज्याला भाव नाही, ते आधी वाचवायचं. हे गणित मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

पटलं, तरी हळहळ गेली नाही. वेब्लेचा मागे उरला एकच दसऱ्याचा फोटो. त्यात शेजारी आजीचा अडकित्ता दिसतो. अडकित्ता घरात आहेच. तो मोजला, फोटोवरून प्रमाण काढलं आणि वहीतलं पहिलं चित्र तयार झालं. बाहेरची मापं मिळाली, आतली यंत्रणा मात्र त्या पेटीबरोबर गेली.

मग विचारपूस करायचा चाळाच लागला. प्रत्येक गावात एक तरी निसटलेलं असतंच. कुणाचं परवानाधारक वारल्यावर जमा झालं, ते परत आलंच नाही. एका घरात मालक गेल्यावर आजींनी भीतीपोटी गंजकं रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून कुंडलिकेत सोडलं. पूर्ण निकामी, दुरुस्तही न होणारं जुनं हत्यार कायद्याच्या कलम 45 मधून सुटू शकतं, हे त्या माउलीला कोण सांगणार?

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, शस्त्रं अशी एकेक वस्तू जमवली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला दिला. म्हणून आज आपण तिकीट काढून तो बघू शकतो. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तुम्हा-आम्हाला ते जमणारं नाही. पण नोंद ठेवायला कुठलाच परवाना लागत नाही. तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजोबांना विचारा. परवान्यावर काय लिहिलंय ते उतरवून घ्या, एक फोटो काढा, आणि शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका. मोजायला प्रत्येकाकडे अडकित्ता असेलच असं नाही!